अपूर्वाईचा घास

अन्न हा विषय आमच्या मीरा-भाईंदरांत मोठा नाजूक आहे. एकीकडे जैन व वैष्णव कुटुंबांची दाट वस्ती, तर दुसरीकडे उत्तन, चौक, पाली येथील कोळी बांधव, ज्यांचे संसार पिढ्यान् पिढ्या मासळीवर चालत आले. २०१५ सालीं पर्युषणपर्वानिमित्त आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचें येथील महानगरपालिकेनें ठरविलें, तेव्हां केवढें वादळ उठलें हें वाचकांस स्मरत असेलच. मुंबईंतील तशाच बंदीचा वाद तर उच्च न्यायालयापर्यंत गेला. दुसऱ्याच्या ताटांत काय असावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या सर्व वादाचा गाभा होता.

आज आम्ही ज्या प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, तो याहून निराळा आहे. शाकाहार श्रेष्ठ कीं मांसाहार, हा येथें मुद्दाच नाहीं. जें मांस भुकेसाठीं नव्हे, चवीसाठींही नव्हे, तर केवळ अपूर्वाई म्हणून, चारचौघांत सांगतां यावें म्हणून हॉटेलांत मागविलें जातें, त्याचें काय? आपल्याच घरांतील तरुण मंडळी परगांवीं, परदेशीं जातात आणि परत आल्यावर मगरीच्या नाहीं तर शहामृगाच्या मांसाच्या गोष्टी सांगतात. वडील माणसें एक तर कानांवर हात ठेवतात, नाहीं तर काळ बदलला म्हणून गप्प बसतात. दोन्ही मार्गांनीं विचार मात्र टळतो.

उदाहरणासाठीं फार लांब जावयास नको. शेजारच्या गोमंतकांत मृगाचा पहिला पाऊस पडला कीं मोठाले बेडूक विणीसाठीं बाहेर पडतात आणि त्यांच्या ओरडण्यानें शेतें दणाणून जातात. त्याच रात्रीं विजेऱ्या घेऊन माणसें शेतांत उतरतात. डोळ्यांवर प्रखर झोत पडला कीं बेडूक जागच्या जागीं खिळतो व अलगद हातीं लागतो. ‘जंपिंग चिकन’ असें गमतीचें नांव देऊन त्याच्या मागच्या दोन तंगड्या तेवढ्या गिऱ्हाइकापुढें ठेवतात. बाकीचा देह टाकून देतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें हा गुन्हा असून त्यास कारावासाची शिक्षा आहे. वनखातें पावसाळ्यांत गस्त घालतें. तरीहि चोरटा व्यवहार चालतो, कारण मागणारा आहे. पिकांवरील किडे खाऊन शेतकऱ्याची फुकट राखण करणारा हा प्राणी नेमका अंडीं घालण्याच्या वेळींच मारला जातो. म्हणजे एकासवें पुढची पिढीहि जाते. एके काळीं आपल्या देशांतून बेडकांच्या तंगड्या परदेशीं रवाना होत. १९८७ सालीं सरकारनें ती निर्यात बंद केली. परक्यांच्या ताटासाठीं जें थांबविलें, तें आपल्या चैनीसाठीं चालूं द्यावें काय?

आमच्या पूर्वजांनीं या बाबतींत बारीक विचार केलेला आहे. पांच नखांच्या प्राण्यांपैकीं पांचच भक्ष्य, असा शास्त्रकारांचा नियम प्रसिद्ध आहे. किष्किंधाकांडांत मरणोन्मुख वाली रामचंद्रास हाच नियम ऐकवितो आणि वानराचें मांस तर खाण्याजोगें नाहीं, मग मला कां मारलेंस, असा जाब विचारतो. पतंजलींनीं महाभाष्यांत या नियमाचें मर्म उलगडलें आहे : पांच भक्ष्य म्हटलें कीं इतर अभक्ष्य, असें समजावयाचें. मीमांसक यास परिसंख्या म्हणतात. पांच खाच, अशी ही आज्ञा नव्हे. पांचांच्या पुढें जाऊं नका, असें हें कुंपण आहे. त्या पांचांत साळिंदर, घोरपड, ससा व कासव हे आहेत. आणि आज रानांतील या प्राण्यांना मारण्यासहि कायद्यानें मनाई आहे. म्हणजे काळाबरोबर कुंपण आणखी आंत आलें. कुंपण असावें हें तत्त्व मात्र तेंच राहिलें.

यावर एक आक्षेप येतो. बोकड चालतो, मग बेडूक कां नको? जीव तो जीवच! हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. वेदनेच्या दृष्टीनें पाहतां दोघांत भेद नाहीं, आणि बोकड खाणाऱ्यानेंहि आपल्या मनास उत्तर दिलें पाहिजे. परंतु बोकड माणसानें पाळलेला व वाढविलेला असतो; त्याच्या मरणानें रान ओस पडत नाहीं. आणि उत्तनचा कोळी पाहा. आपल्यासारखीं शाकाहारी कुटुंबें कित्येकदां त्याच्याकडे नाक मुरडून पाहतात. पण मासे अंडीं घालतात त्या पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यास ओढून तो जाळीं दुरुस्त करीत बसतो आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून पुन्हां दर्यांत शिरतो. सरकारी बंदी त्याच काळांत असते, हें खरें. पण हा संयम त्याच्या सणावारांतहि मुरलेला आहे. ज्याची भाकरी मासळीवर, तो विणीच्या दिवसांत हात आवरतो. आणि ज्याचें पोट भरलेलें, तो शिकलेला प्रवासी नेमका त्याच दिवसांत बेडूक मागतो! यांत सुसंस्कृत कोण, हें वाचकांनींच ठरवावें.

पाळलेले परदेशी प्राणी खाल्ले तर दोष नाहीं, असेंहि कोणी म्हणतात. कायद्याचा दोष नसेल; पण अपूर्वाई टिकत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. ऑस्ट्रेलियांतील ईमू पक्षी पाळण्याचें वेड कांहीं वर्षांपूर्वी आपल्याकडे पसरलें. मांसास व तेलास मोठा भाव येईल असें सांगण्यांत आलें. गिऱ्हाईक मिळालें नाहीं. २०१२ च्या सुमारास तमिळनाडूंतील अशा योजना कोसळल्या, ठेवीदार बुडाले आणि पक्ष्यांवर उपासमारीची पाळी आली.

तेव्हां घरांतील वडिलांस आमची विनंती इतकीच कीं, मुलांना रागें भरूं नये आणि विटाळाची भीतीहि घालूं नये. त्यांच्याशीं बोलावें. हा प्राणी कोठून आला, कोणत्या दिवसांत धरला, आणि तो न मिळता तर आपण उपाशी राहिलों असतों काय, हे तीन प्रश्न हॉटेलांत मागणी करण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःस विचारावे. शाकाहारी आहों म्हणून आपणहि सुटलों, असें नव्हे. मित्रमंडळींच्या मेजवानीचें बिल आपला मुलगा भरीत असेल, तर त्या पानाची जबाबदारी त्याच्याकडेहि येते. जिभेस लगाम घालण्याचें शिक्षण घरींच मिळावें लागतें. तें हॉटेलच्या यादींत छापलेलें नसतें.