कंपाउंडच्या कडेला बाराही महिने पांढरी फुलं



चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या भागातल्या कितीतरी ताईंची शेती एमआयडीसीत नाहीतर प्लॉटिंगमध्ये गेली. राहिलं ते घर, भाड्याच्या दोन-चार खोल्या आणि कंपाउंडच्या भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी. त्या पट्टीत विटांचे तुकडे आणि गाजर गवत असतं, आणि देवाला मात्र फुलपुडी विकत येते. रोजची १० रुपयांची पुडी धरली तरी महिन्याचे ३०० आणि वर्षाचे ३,६५० रुपये होतात. गौरी-गणपतीला, दिवाळीला भाव चढतो तो वेगळाच. बचत गटात आपण एवढ्या रकमेसाठी वर्षभर पै-पै बाजूला टाकतो. म्हणून या वेळी त्या पट्टीबद्दल बोलू या.

पांढरीच फुलं का?

रोजच्या पूजेला, गजऱ्याला, वेणीला जी फुलं लागतात त्यातली बरीचशी पांढरी आहेत: तगर, मोगरा, जाई-जुई, निशिगंध. यातली बहुतेक झाडं काडीपासून किंवा फुटव्यापासून होतात, म्हणजे गटातच एकमेकींकडून मिळतात.

शिवाय यातल्या बऱ्याच फुलांना वास येतो तो संध्याकाळनंतर. त्यालाही कारण आहे. ही फुलं रात्री फिरणाऱ्या पतंगांना बोलावतात. अंधारात लाल-निळा रंग दिसत नाही, पांढरा दिसतो. म्हणून रंगावर जोर न देता पांढरेपणा आणि वास यावर त्यांचं काम चालतं. आपल्यातल्या ज्या ताई सेकंड शिफ्ट करून रात्री घरी येतात, त्यांनाही दारात हीच फुलं दिसतात, बरं का.

फक्त मोगरा लावला तर काय होतं?

फुलझाडं लावायची म्हटलं की आपण नर्सरीतून मोगऱ्याची चार रोपं आणतो. उन्हाळ्यात परात भरून फुलं येतात, पाऊस वाढला की कमी होतात आणि थंडीत झाड नुसतं हिरवं. दसरा-दिवाळीला पुन्हा फुलपुडी सुरू.

प्रत्येक झाडाचा बहर ठरलेला असतो. म्हणून झाडं निवडताना प्रत्येक ऋतूचं एकेक घ्यायचं. एकाचा बहर सरत आला की दुसऱ्याचा सुरू व्हायला हवा. आपल्या भागातल्या हवेला धरून हिशोब असा:

उन्हाळा (मार्च ते जून): मोगरा.
पावसाळा (जुलै ते ऑक्टोबर): जुई आणि निशिगंध. ओल असेल तिथे सोनटक्का.
दसरा ते डिसेंबर: पांढरी शेवंती.
कडाक्याची थंडी (डिसेंबर ते फेब्रुवारी): कुंदा. याला मोगऱ्यासारखा घमघमाट नसतो, पण बाकी फुलं थांबलेली असताना हा भरभरून येतो.
बाराही महिने: तगर आणि पांढरी सदाफुली. फुलं कमी-जास्त होतील, पण झाड रिकामं राहत नाही.

पट्टीची मांडणी

समजा पट्टी २० फूट लांब आणि ३ फूट रुंद आहे. दोन ओळी करायच्या.

भिंतीकडे उंच होणारी झाडं, चार-चार फुटांवर: दोन तगर, दोन कुंदा आणि एक जुई. जुईला चढायला भिंतीवर तार किंवा जुनी जाळी लावा.

पुढच्या ओळीत तीन मोगरे, तीन-तीन फुटांवर. उरलेल्या जागेत निशिगंधाचे १०-१५ कंद आणि शेवंतीची पाच-सहा रोपं. अगदी कडेला सदाफुली. ती बी पडून आपोआप वाढते, जास्त झाली की उपटायची.

लावण्याआधी विटा-सिमेंटचा राडारोडा काढा, दीड फूट खोदा आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. मोगरा, निशिगंध, शेवंती यांना दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवंच. शेजारच्या शेडची सावली पडत असेल तर तिथे तगर लावा, ती अर्धवट सावलीत निभावते. नर्सरीवाले अनंताचाही आग्रह धरतात. फूल सुंदरच आहे, पण चुनखडीच्या जमिनीत त्याची पानं पिवळी पडतात. हौस असेल तर कुंडीत लावा.

मोरीचं पाणी जिथे जातं तिथे सोनटक्का लावा. त्याला सतत ओल आवडते. भांडी विसळलेलं, आंघोळीचं पाणी चालतं. वॉशिंग पावडरचं पहिलं फेसाचं पाणी मात्र झाडांना घालू नका. कंपनीच्या नाल्याचं पाणी तर कधीच नको.

वर्षभराची कामं

मे: निशिगंधाचे कंद लावा. देठासकट फुलदाणीत ठेवायला डबल जात असते, आपल्याला हार-गजऱ्यासाठी सिंगल हवी. तिला वासही जास्त. बंगळूरच्या संशोधन संस्थेची ‘प्रज्वल’ आणि राहुरी कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ या सिंगल जाती आहेत. लावल्यावर तीन-चार महिन्यांत दांडे येतात आणि एकदा लावलेले कंद तीन वर्षं चालतात.

जून-जुलै: तगरीच्या काड्या खोचा. जुई आणि कुंदाची जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत दाबा, मुळं फुटली की कापून घ्या. शेवंतीचे फुटवेही याच वेळी लावा आणि महिनाभराने शेंडे खुडा, म्हणजे फांद्या वाढतात आणि फुलं जास्त येतात.

डिसेंबर-जानेवारी: मोगऱ्याचं पाणी दोन-तीन आठवडे तोडा, मग दीड फुटावर छाटणी करा, खत घाला आणि पाणी सुरू करा. जीव धजत नाही, पण ही छाटणी केली नाही तर उन्हाळ्यात पाला वाढतो आणि कळ्या कमी येतात.

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन भोक पडलेलं दिसलं तर आत अळी आहे. तशा कळ्या तोडून नष्ट करा आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

आपल्या भागातल्या तीन गोष्टी

पहिली, लाइट. शेवंतीला कळी धरायला मोठी, सलग अंधारी रात्र लागते. म्हणूनच ती दिवस लहान झाल्यावर फुलते. शेजारच्या कंपनीचा हॅलोजन रात्रभर पट्टीवर पडत असेल तर शेवंती नुसती वाढत राहते, फूल धरत नाही. अशा ठिकाणी ती घराच्या आडोशाला लावा आणि इथे सदाफुली वाढवा.

दुसरी, धूळ. रस्त्याकडेच्या पट्टीत पानांवर धुळीचा थर बसतो आणि झाड खुरटतं. आठवड्यातून एकदा पानांवरून पाणी मारा. जागा असेल तर रस्त्याच्या बाजूला कुंती, म्हणजेच कामिनी, लावा. दाट वाढते, धूळ अडवते आणि पाऊस पडून गेला की पांढरी फुलंही देते.

तिसरी, ड्रम. भंगारवाल्याकडचे निळे ड्रम कापून कुंड्या करायची पद्धत आहे. आत आधी काय होतं ते नक्की माहीत नसेल तर तो ड्रम झाडाला नको आणि पाणी साठवायला तर नकोच.

सांभाळून

पांढरी कण्हेर कमी पाण्यात तगते आणि महादेवाला चालते, पण तिचं पान, फूल, काडी सगळंच विषारी आहे. लहान मुलं किंवा शेळ्या असतील तर लावू नका. सदाफुलीची पानं शुगरवर खातात असं बरेच जण सांगतात. तसं करू नका. सदाफुलीतून कॅन्सरवरची औषधं काढतात हे खरं, पण ती कारखान्यात शुद्ध करून डॉक्टरांच्या देखरेखीत दिली जातात. कच्चं पान पोटात जाणं धोक्याचं आहे.

विक्री होईल का?

खरं सांगायचं तर एका पट्टीवर धंदा होत नाही. घरची फुलपुडी बंद होईल आणि सणाला शेजारी द्यायला फुलं राहतील, एवढं धरून चाला. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये पॉलिहाऊसमधला गुलाब होतो, त्याचं भांडवल वेगळं, गणित वेगळं.

पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगडकडे बघा. तिथली आदिवासी कुटुंबं थोड्या-थोड्या जागेत मोगरा लावतात, आणि सगळ्यांच्या कळ्या मिळून दादरच्या फूलबाजारात जातात. आपल्याकडेही एका गल्लीतल्या आठ-दहा जणींनी सारखीच झाडं लावली तर रोजची एक टोपली भरेल. देहू आणि आळंदी आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत, गजऱ्याला गिऱ्हाईक आहे. मोगऱ्याच्या आणि जुईच्या पूर्ण भरलेल्या पण न उमललेल्या कळ्या उजाडायच्या आत तोडून ओल्या फडक्यात ठेवल्या तर गजरा संध्याकाळपर्यंत टिकतो. आधी एक वर्ष घरापुरतं करा, कुठल्या महिन्यात किती फुलं निघतात ते वहीत लिहा, मग गटाच्या कर्जाचा विचार करा.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ताईंनी मागे राहायचं नाही. १५ लिटरच्या तेलाच्या डब्याला खालून भोकं पाडून एक मोगरा आणि एक सदाफुली सहज होते. खोली बदलली तर डबा सोबत नेता येतो.

पुढच्या मासिक बैठकीला येताना आपल्याकडे कुठलं पांढरं फूलझाड आहे ते सांगा. कोणाकडे कुंदा, कोणाकडे जुई अशी गटाची यादी करू. म्हणजे जूनमध्ये काड्या आणि फुटव्यांची देवाणघेवाण होईल आणि विकत आणायचे ते फक्त निशिगंधाचे कंद उरतील. जमिनीबद्दल काही अडलं तर नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच नाशिक रोडवर आहे. पाच-सहा जणी तयार असतील तर मला सांगा, एक दिवस ठरवून जाऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक