शस्त्रविक्री आणि कायद्यातील ‘किंवा’

शिर्डीत मंदिराभोवतालच्या गल्ल्यांतून हिंडताना विकत न मिळणारी वस्तू मुद्दाम आठवावी लागते. फुले, शाली, तसबिरी, खेळणी सारे हारीने मांडलेले असते. याच बाजारात कोणी बंदुका मांडून बसला आहे आणि गिऱ्हाईक पैसे मोजून, नावगाव न सांगता एक उचलून नेत आहे, हे चित्र आपल्याला कल्पनेतही आणवत नाही. अमेरिकेत मात्र शस्त्रांचे मेळे भरतात. तेथील १९६८ च्या संघीय कायद्याने व्यापाऱ्याला परवाना सक्तीचा केला आणि १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी त्याच्यावर सोपवली. परंतु स्वतःच्या संग्रहातील बंदूक विकणारा खासगी गृहस्थ या बंधनातून सुटला. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन येथील शाळेत बारा विद्यार्थी व एक शिक्षक मारले गेले. मारेकऱ्यांच्या चारपैकी तीन बंदुका त्यांच्या एका अठरा वर्षांच्या मैत्रिणीने अशाच मेळ्यात खासगी विक्रेत्यांकडून घेतलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या राज्याच्या मतदारांनी मेळ्यांतील सर्व विक्रीला तपासणी सक्तीची केली.

आपल्याकडे असे घडणे नाही, असे म्हणून आपण निर्धास्त होतो. ते बव्हंशी खरेही आहे. परंतु खासगी विक्री आपल्या कायद्यालाही मान्य आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम सांगते की, स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकण्यास व्यापाऱ्याचा परवाना लागत नाही. अट एवढीच की, विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नावपत्ते जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवावेत आणि त्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावेत. या कलमात ‘कळविणे’ आहे, ‘परवानगी’ नाही. कचेऱ्या ना-हरकत पत्र मागतात ते योग्यच आहे. पण पंचेचाळीस दिवसांत कोणी काहीच बोलले नाही, तर त्या मौनाचा अर्थ काय, हे कलम सांगत नाही.

त्याहून मोठा घोटाळा ‘किंवा’ या शब्दात आहे. शिर्डीचे भौगोलिक स्थान पाहा. जिल्ह्याचे ठिकाण दूर, आणि नाशिक जिल्ह्यातील येवला त्या मानाने अगदी जवळ. राहाता तालुक्यातील शेतकऱ्याने आपली दुनळी येवल्याच्या परवानाधारकाला विकावयाची म्हटली, तर इकडच्या ठाण्यात अर्ज टाकताच विक्रेत्याचे कर्तव्य संपते. घेणाऱ्याच्या जिल्ह्याला आधी कळविण्याचे बंधन त्याच्यावर नाही. एकवीस वर्षांखालील व्यक्ती, हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस, मनाचा तोल ढळलेली व्यक्ती यांना शस्त्र देऊ नये, असे नववे कलम बजावते. परंतु ही माहिती असते ती घेणाऱ्याच्या गावच्या ठाण्यात.

वारसाची अडचण निराळीच. वडील वारले, परवाना त्यांच्याबरोबर संपला, आणि बंदूक माळ्यावर राहिली, अशी घरे खेडोपाडी थोडीथोडकी नसावीत. मुलाजवळ परवाना नाही, म्हणजे त्याचा ताबा कायदेशीर नाही. म्हणून खासगी विक्रीची वर सांगितलेली वाट त्याला बंद. एकविसाव्या कलमान्वये त्याने विनाविलंब ती ठाण्यात वा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी आणि तेथून पात्र माणसाला विकवून पैसे घ्यावेत. मुदतीत हे झाले नाही तर शस्त्र सरकारजमा होते. वडिलांची आठवण म्हणून बंदूक घरात ठेवणारा सज्जन शिक्षक किंवा कारकून अशा रीतीने, काहीही न करता, गुन्हेगार ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतील असे ठरवले, तेव्हाही तिसरीचे काय करावयाचे हा प्रश्न अनेक घरांत आला असेल.

कोणी म्हणेल, खून पडतात ते गावठी कट्ट्यांनी. परवान्याच्या बंदुकीचा काथ्याकूट कशाला? कट्ट्यांचा प्रश्न गंभीर आहेच. विनापरवाना विक्रीला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, तरी तो व्यापार चालतो. पण म्हणून परवाना निर्दोष ठरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर बीड जिल्ह्यातील परवान्यांची छाननी करावी लागली, हे विसरून चालणार नाही.

काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. राज्यघटनेत तो आला नाही. तो का गळला याची चर्चा मनोरंजक आहे, पण आज तिची निकड नाही. निकड आहे ती एका छोट्या दुरुस्तीची: ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घालावे, घेणाऱ्याच्या जिल्ह्यालाही सूचना जावी, आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत दोन्हीकडून लेखी होकार आल्यावाचून शस्त्र हातचे जाऊ नये. प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय नोंदणीतील स्वतंत्र क्रमांक असतो. तो पडताळून पाहण्यास येवल्याला माणूस धाडण्याचीही गरज उरलेली नाही.