कॅल्क्युलसच्या आधीचं वर्ष

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की शाखा निवडायची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी आईबाबांच्या डोक्यात हेच वेळापत्रक असतं. तिथे मात्र गणिताची वाट बऱ्याच शाळांत सहावी-सातवीतच ठरते. शाळा एक प्लेसमेंट टेस्ट घेते, घरी एक पत्र येतं, आणि त्या पत्रावर बारावीचं गणित अवलंबून आहे हे दोन वर्षांनी लक्षात येतं.

हिशेब सोपा आहे. अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस असा वर्षाला एक विषय. आठवीत अल्जिब्रा १ झाला तर बारावीत कॅल्क्युलस पदरात पडतं. नववीत सुरुवात केली तर प्रीकॅल्क्युलसपाशी शाळा संपते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये अल्जिब्रा १ आठवीतून नववीत नेला, तेव्हा याच हिशेबावरून वाद पेटला. तो इतका लांबला की मार्च २०२४ मध्ये शहराने मतदान करून आठवीत अल्जिब्रा परत आणा, असा कौल दिला.

ती एक वर्षाची घाई मला समजते. आठवीत तयार असलेल्या मुलाला अडवून ठेवणं अन्यायच आहे. माझा आक्षेप पुढच्या घाईला आहे: उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रीकॅल्क्युलस उरकून अकरावीत, जमल्यास दहावीतच कॅल्क्युलसला बसवायचं. मराठी घरांत हा मोह जास्त होतो, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्रात प्रीकॅल्क्युलस नावाचा विषयच नव्हता. त्रिकोणमिती, शांकव, फंक्शन आणि लिमिट हे सगळं अकरावीच्या पुस्तकांत एकापाठोपाठ यायचं आणि बारावीत डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनचा जोर वाढायचा. त्यामुळे ‘प्री’ लागलेलं वर्ष आईबाबांना नुसतं तयारीचं, म्हणून गाळण्यासारखं वाटतं.

ते गाळलं की काय होतं, हे एका उदाहरणात दिसतं. १/क्ष या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचं आहे. क्षच्या जागी क्ष+एच घालायचं, म्हणजे १/(क्ष+एच) मिळतं. त्यातून १/क्ष वजा करायचं आणि उत्तराला एचने भागायचं. वजाबाकीसाठी छेद समान करावे लागतात. अंशात क्ष वजा (क्ष+एच) येतं आणि नुसतं –एच उरतं. ते भागणाऱ्या एचशी कटतं. राहतं –१/[क्ष(क्ष+एच)]. आता एच शून्याकडे न्यायचा, उत्तर –१/क्ष². यात कॅल्क्युलसची पायरी शेवटची एकच. बाकी सगळी अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि कंसाबाहेरचं चिन्ह. मुलं अडखळतात ती तिथेच, आणि घरी येऊन सांगतात की कॅल्क्युलस कळत नाही.

त्रिकोणमितीतही तेच. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन येतं ते कोन रेडियनमध्ये मोजला तरच. अंशांत मोजला तर π/१८० हा गुणक मध्ये येतो. रेडियन कशासाठी, हे प्रीकॅल्क्युलसमध्ये समजून घेतलेल्या मुलाला यात आश्चर्य वाटत नाही. सूत्रांचा कागद पाठ केलेल्याला वाटतं.

हार्वर्डचे फिलिप सॅडलर आणि गेरहार्ड सॉनर्ट यांनी २०१८ मध्ये हीच गोष्ट आकड्यांनी मांडली. कॉलेजातल्या कॅल्क्युलसमध्ये मूल कसं करतं, यावर शाळेत कॅल्क्युलस घेतल्याचा परिणाम होतोच. पण त्याच्या आधीच्या गणितावरची पकड त्याच्या दुपटीहून अधिक परिणाम करते. अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या आणि गणितशिक्षकांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०१२ मध्येच संयुक्त निवेदन काढून सांगितलं होतं की, बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं हे शालेय गणिताचं अंतिम ध्येय नसावं.

प्रीकॅल्क्युलस नीट झालं की पुढची निवड बरीच सोपी होते. एपी म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स. त्यांतलं कॅल्क्युलस एबी म्हणजे साधारण कॉलेजच्या एका सत्राचा अभ्यास, बीसी म्हणजे दोन सत्रांचा. अनंत श्रेणी, पोलर आणि पॅरामेट्रिक समीकरणं बीसीत येतात. इंजिनीअरिंग किंवा भौतिकशास्त्राकडे ओढा असेल आणि बीजगणितात हात बसलेला असेल तर थेट बीसी घ्यावं. बीसीच्या निकालात एबीच्या भागाचे गुण वेगळेही मिळतात, त्यामुळे सगळं पणाला लागत नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांकडे मन असेल तर एपी स्टॅटिस्टिक्स खरोखर उपयोगी पडतं. ते ‘कच्च्या’ मुलांचं गणित ही समजूत आपल्या लोकांनी सोडायला हवी. फक्त अल्जिब्रा २ टाळून तिकडे वळू नये, कारण मग कॅल्क्युलसकडे परतीची वाट उरत नाही.

२०२३-२४ पासून एपी प्रीकॅल्क्युलसही आहे. त्याच्या परीक्षेत पहिल्या तीनच घटकांवर प्रश्न असतात. व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचा चौथा घटक शिकवायचा की नाही हे शाळा ठरवते. म्हणून नावाला भुलण्याऐवजी शिक्षकांना विचारावं, चौथा घटक होणार आहे का?

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. पुढच्या वर्षाचे विषय निवडण्याआधी, मुलाला कॅल्क्युलेटरशिवाय तीन गोष्टी करायला सांगा: वर दिलेली वजाबाकी, एका लॉगॅरिथमच्या समीकरणाची उकल, आणि साइनचा आलेख काढून तो दुप्पट वेगाने वरखाली होईल असं समीकरण. हे करताना तो प्रत्येक पायरीचं कारण सांगत असेल तर शाळा देईल तो वरचा वर्ग बिनधास्त घ्या. पायऱ्या आठवून लिहीत असेल तर सुट्टीतला तो कोर्स रद्द करा आणि प्रीकॅल्क्युलसला पूर्ण वर्ष द्या.