शिक्षणाचे ऋण

जून महिना उजाडला की आपल्या गावोगावी एकच लगबग सुरू होते. नवी पुस्तके, गणवेश, छत्र्या यांच्या खरेदीत घरे गढून जातात. कोणाला किती टक्के मिळाले, कोणत्या शाखेत प्रवेश झाला, हेच बोलणे रविवारी देवळाच्या आवारातही कानी पडते. शिक्षणाविषयीची ही आस्था निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु शिक्षण कशासाठी, या प्रश्नाचे आपले उत्तर मात्र दिवसेंदिवस आकसत चालले आहे, असे आम्हांला वाटते. चांगली नोकरी, भरपूर पगार आणि जमल्यास परदेश, येथेच ते थांबते. शिक्षणाचे मोल खरोखर एवढेच आहे काय?

वसईच्या ख्रिस्ती समाजाला याचे उत्तर स्वतःच्या घरातच सापडेल. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतील कित्येकांनी वाडीत राबून, भाजी, फुले, दूध मुंबईच्या बाजारात विकून संसार केले. त्यांची मुले धर्मग्रामांच्या शाळांत शिकली आणि एकदोन पिढ्यांतच शिक्षक, परिचारिका, अभियंते, डॉक्टर झाली. ही प्रगती त्यांच्या कष्टाची होती, हे खरेच. पण ज्या शाळेत ती शिकली, ती शाळा त्यांच्या जन्माआधी कोणीतरी उभी केली होती. कोणी जागा दिली, कोणी श्रमदान केले, कोणी तुटपुंज्या वेतनावर आयुष्यभर शिकविले. आपण जी शिडी चढून वर आलो, ती आपण एकट्याने बांधलेली नव्हती.

आता त्याच शिडीच्या पायथ्याशी आज कोण उभे आहे, ते पाहू. दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे रोजगारासाठी घर सोडतात. कोणी भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात, तर कोणी बांधकामांवर. पावसाळ्याच्या तोंडावर ती परततात. आईवडिलांबरोबर मुलेही जातात आणि शाळेचे अर्धे वर्ष बुडते. पुढील वर्षी तेच घडते. मग एके दिवशी ते मूल शाळेत जाणेच सोडून देते.

या मुलाचे नुकसान म्हणजे केवळ एक प्रमाणपत्र हुकणे नव्हे. वीटभट्टीचा व्यवहार कसा चालतो, हे पाहिले की ते ध्यानात येईल. मजुराला हंगामापूर्वी आगाऊ रक्कम दिली जाते, तिला बयाणा म्हणतात. हंगामात दर आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते. विटांची मजुरी हजारी दराने ठरते. विटा किती पाडल्या, खावटी किती घेतली, बयाणा किती फिटला, याचा हिशेब शेवटी होतो आणि तो मालकाच्या वहीत असतो. ज्याला ती वही वाचता येत नाही, त्याला सांगितलेला आकडा मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते. देणे उरले असे सांगितले, तर पुढील वर्षी पुन्हा तेथेच राबणे आले. अशा माणसाला बेरीज-वजाबाकी येणे म्हणजे आपल्या श्रमाची किंमत आपण मोजू शकणे होय. शिक्षण व्यक्तीला जे पहिले दान देते, ते हे आहे. ते त्याला फसविले जाण्यापासून वाचविते आणि ताठ मानेने प्रश्न विचारण्याचे बळ देते.

समाजाच्या दृष्टीनेही हाच न्याय लागू पडतो. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड आईला वाचता आले, तर पुढची लस चुकण्याचा धोका कमी होतो. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याने कसणाऱ्या आदिवासींना वनजमिनीवर हक्क मागण्याचा मार्ग खुला केला. परंतु त्यासाठी अर्ज भरावा लागतो, पुरावे जोडावे लागतात, ग्रामसभेत बाजू मांडावी लागते. वाचता येणारी चार माणसे पाड्यात असतील, तर कायदा पाड्यापर्यंत पोहोचतो. नसतील, तर तो कागदावरच राहतो. म्हणूनच एकाचे शिक्षण हे त्याच्या एकट्याचे कधीच नसते. त्याची सावली शेजाऱ्यावरही पडते.

हे सत्य आपल्याच पालघर जिल्ह्यात दोन थोर स्त्रियांनी कृतीत उतरविले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा होत्या. शिक्षणाने स्वतःचे आयुष्य कसे सावरते, हे त्यांनी अनुभवले होते. पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांमध्ये रुजले.

आरंभी मुले शाळेत येत ना. मुलांना शिक्षणाची आवड नाही, पालक अडाणी आहेत, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी मात्र मुले का येत नाहीत, याचा शोध घेतला. कोणी गुरे राखत होते, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन होते. तेव्हा शाळाच मुलांकडे गेली. गुरे चरत होती त्या माळावर कुरणशाळा भरली. पाड्यातील अंगणात बालवाडी भरली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे यांनी मोजणी शिकविली गेली. धाकट्यांसाठी पाळणाघराची सोय झाली, म्हणून थोरली बहीण वर्गात बसू शकली. अंगणातल्या त्या शाळेला अंगणवाडी हे नाव मिळाले. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांसाठीही हेच नाव रूढ झाले.

हाच धागा १९९० च्या दशकात वसई तालुक्यातील उसगाव येथील विधायक संसद या संस्थेने पुढे नेला. वीटभट्टीवरील मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीस भोंगा म्हणतात. त्या भोंग्यांजवळच मुलांसाठी शाळा भरू लागल्या. त्या भोंगाशाळा म्हणून ओळखल्या गेल्या.

आज कायदाही या मुलांच्या बाजूने उभा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क त्याने दिला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, म्हणूनही नाही. दहा वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसेल, तर त्याला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. दुर्दैव असे की ज्यांच्यासाठी ही कलमे लिहिली गेली, त्यांनाच ती वाचता येत नाहीत. ती त्यांना वाचून दाखविणारे कोणीतरी हवे.

ते कोणीतरी आपण होऊ शकतो. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात शिक्षण हा प्रत्येक मानवाचा अविच्छेद्य हक्क असल्याचे सांगितले आणि गोरगरिबांची विशेष काळजी घेण्याचे आवाहन केले. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची संख्या लहान नाही. आपल्या गावाच्या वेशीवर इमारतीचे काम चालू असेल, वीटभट्टी लागली असेल, तर तेथील मुले शाळेत जातात की नाही, एवढी चौकशी करणे कोणालाही जमेल. जात नसल्यास जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलावे आणि प्रवेशाच्या वेळी पालकांसोबत उभे राहावे. तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे बसून अक्षरओळख करून द्यावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, नियमितपणा मात्र लागतो.

आपल्या मुलांना उत्तम शाळेत घालावे, त्यांनी उंच भरारी घ्यावी, यात काहीच गैर नाही. परंतु नव्या वह्यांना वेष्टन घालताना त्यांना एवढे अवश्य सांगावे की आपल्या घरात आलेले पहिले पुस्तक कोणाच्या तरी त्यागातून आले होते. ते ऋण ज्यांनी दिले, त्यांना फेडता येणार नाही, कारण त्यांतील बरेचसे आज हयात नाहीत. ते फेडावयाचे आहे भोंग्यासमोर उन्हात विटा पालथ्या करीत बसलेल्या मुलाकडे.