ड्रेसिंग करणारा हात

लोहगडाच्या पायऱ्यांवर पाय सटकला आणि हनुवटीला तीन टाके पडले. होस्टेलवर आलो तर रूममेट म्हणतो, "ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला एचआयव्ही असता तर?" मी गप्प. (कॉन्व्हेंटमध्ये तो धडा मॅडमनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता!)

मग वाचून काढलं. हातमोजे, निर्जंतुक सुया ही काळजी सगळ्यांसाठी सारखीच, म्हणून नर्सकडून पेशंटला लागण होणं अत्यंत दुर्मिळ. उलट धोका तिलाच जास्त. रात्री एक्सप्रेसवेचा अपघात आला, गडबडीत बाधित पेशंटची सुई टोचली, तर लागणीची शक्यता हजारात साधारण तीन. ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं.

आणि नोकरी? १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका हंगामी कामगाराला न्याय दिला: माणूस कामाला सक्षम असेल, इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारता येणार नाही. २०१७ चा कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यात हॉस्पिटलंही आली. नोकरीसाठी टेस्टची अट घालता येत नाही. काढायचंच तर धोका किंवा असमर्थता दाखवणारा स्वतंत्र तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा.

"म्हणजे टाके काढायला तिच्याकडेच जाणार?" रूममेट.

सोमवारी गेलो. तिच्याकडेच.