कोकराचे चार कान

बेल्जियममधल्या घेंट शहरात सेंट बाव्हो कॅथेड्रल आहे. तिथल्या जगप्रसिद्ध वेदीचित्रातल्या कोकराला १९५१ नंतर जवळपास सत्तर वर्षं चार कान होते. दोन कान मूळ चित्रकाराचे, दोन नंतरच्या दुरुस्ती करणाऱ्यांचे. १९५०-५१ च्या सफाईत कोकराच्या डोक्याभोवतीचा, मागाहून लावलेला हिरवा रंग निघाला आणि त्याखाली झाकलेले मूळ कान वर आले. नवे कानही तसेच राहिले. या चित्राला सैन्यांनी आणि चोरांनी पळवलं खरं, पण त्याचा चेहरा बदलला तो त्याची काळजी घेणाऱ्यांनी.

घेंटमधले धनिक योस व्हेइट आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ बोर्लूट यांनी हे चित्र चर्चमधल्या आपल्या चॅपलसाठी करवून घेतलं. ह्युबर्ट व्हॅन आइकने हाती घेतलेलं काम त्याच्या मृत्यूनंतर भाऊ यान याने १४३२ मध्ये पुरं केलं. ओक लाकडाच्या १२ फळ्या, त्यातल्या बाजूच्या आठ दारांसारख्या उघडमीट होणाऱ्या आणि दोन्ही अंगांनी रंगवलेल्या. दारं उघडली की मधोमध वेदीवर उभं कोकरू दिसतं. ते ख्रिस्ताच्या बलिदानाचं प्रतीक, म्हणून त्याच्या छातीतून रक्ताची धार चषकात पडते. तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवून यानने मखमल, धातू आणि गवताची पाती अशी रंगवली, की युरोपातले चित्रकार पुढे पिढ्यान् पिढ्या ती पाहायला येत राहिले.

पळवापळवीची कथा थोडक्यात अशी. १५६६ मध्ये धार्मिक चित्रं फोडणारा प्रोटेस्टंट जमाव चालून आला, तेव्हा फळ्या चर्चच्या मनोऱ्यात दडवल्या गेल्या. १७९४ मध्ये फ्रेंच फौजांनी मधल्या फळ्या पॅरिसला नेल्या. नेपोलियनच्या पाडावानंतर त्या परतल्या. लगेच, १८१६ मध्ये, बाजूच्या सहा फळ्या खुद्द चर्चकडूनच विकल्या गेल्या. त्या बर्लिनला पोचल्या आणि तिथे दोन्ही बाजू एकदम दाखवता याव्यात म्हणून त्या जाडीतून करवतीने चिरल्या! व्हर्सायच्या तहानंतर त्या घरी आल्या. एप्रिल १९३४ मध्ये एका रात्री दोन चित्रं चोरीला गेली. एक परत मिळालं. ‘न्यायी न्यायाधीश’ आजवर सापडलेलं नाही, त्याच्या जागी नक्कल आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सगळं चित्र उचललं. १९४५ मध्ये ते ऑस्ट्रियातल्या आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीत सापडलं.

२०१२ मध्ये बेल्जियमच्या सरकारी कलावारसा संस्थेने नवं संवर्धन हाती घेतलं. काम घेंटच्या ललितकला संग्रहालयात, काचेपलीकडून लोकांना दिसेल असं सुरू झालं. सुरुवातीचा बेत साधा होता: पिवळं पडलेलं व्हार्निश काढायचं. ते निघू लागलं तेव्हा लक्षात आलं, की बाहेरच्या बाजूचा सुमारे ७० टक्के भाग व्हॅन आइकचा नाहीच. शेंदराच्या पुटांखाली मूर्ती हरवावी तसं झालं होतं. सोळाव्या शतकातल्या हातांनी झिजलेल्या जागा भरता भरता शेजारचा धड भागही रंगवला होता, आणि तोही मूळ रेषांना इतका धरून, की पुढच्या अभ्यासकांना शंकाच आली नाही.

आता प्रश्न होता तो हा रंग काढण्याचा. चार-साडेचारशे वर्षांचा रंग हाही इतिहासच, आणि एकदा खरवडला की परत लावता येत नाही. म्हणून आधी पुरावे गोळा झाले. अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी क्ष-किरणांनी पृष्ठभागाचा नकाशा काढला. किरण पडले की शिसं, पारा, तांबं ही मूलद्रव्यं आपापल्या ऊर्जेचे किरण परत सोडतात. त्यावरून पांढरा, शेंदरी, हिरवा रंग खालच्या थरात कुठे आहे ते कळतं. खालचं मूळ काम बरंचसं शाबूत असल्याचं दिसलं, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीने होकार दिला, आणि मगच सूक्ष्मदर्शकाखाली द्रावकाने व शस्त्रक्रियेच्या पात्याने वरचा रंग कणाकणाने उतरवला गेला.

आतल्या बाजूच्या कोकरावरही असाच रंग चढवलेला होता. तो उतरल्यावर २०१९ च्या अखेरीस कोकराचा खरा चेहरा मोकळा झाला. डोळे समोर रोखलेले, जवळजवळ माणसाचे. समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टर उडाली. लोकांना सवय होती सोळाव्या शतकातल्या सौम्य, शेळपट कोकराची. व्हॅन आइकचं कोकरू मात्र पाहणाऱ्याकडे पाहत होतं. आपल्याला प्रिय असलेलं रूप मूळ असेलच असं नाही, हे पचवणं रंग काढण्याहून अवघड ठरलं.

वरच्या ओळीतल्या फळ्यांचं काम २०२३ मध्ये सुरू झालं. आजचे संवर्धकही उडालेल्या जागा रंगवतातच. पण फक्त उडालेल्या तेवढ्याच, मूळ रंगाला धक्का न लावता पुसता येईल अशा रंगाने, आणि प्रत्येक पायरीची नोंद ठेवून. सोळाव्या शतकातल्या कारागिरांपेक्षा त्यांच्याजवळ यंत्रं कितीतरी आहेत. पण खरा फरक, पुढच्या पिढीला आपलंही काम उतरवावंसं वाटेल हे त्यांनी आधीच धरून चालण्यात आहे.