विरळ हवेतला मुक्काम
लडाखमध्ये तंबूत राहायला निघालेल्या कुटुंबांसाठी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की दवाखान्यात येणाऱ्या मंडळींच्या हातात जुन्या तपासण्यांच्या कागदांबरोबर सहलीचे वेळापत्रकही दिसू लागते. अलीकडे त्यात लडाखचे नाव वारंवार असते. निळ्याशार सरोवराकाठी तंबूत रात्र काढावी, मुलांना ताऱ्यांनी खच्चून भरलेले आकाश दाखवावे, ही इच्छा सुंदरच आहे. मात्र ज्या भूमीत आपण मुक्कामाला जातो, तिचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा.

लडाख हे उंचावरचे वाळवंट आहे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे, तर पँगाँग सरोवर सुमारे ४,२५० मीटरवर. हिमालयाने पावसाचे ढग अडवल्यामुळे लेहमध्ये वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. दिवसा ऊन पोळते आणि रात्री हुडहुडी भरते.

हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते. उंचीवर हवेचा दाब मात्र घटतो. लेहमध्ये तो समुद्रकाठच्या सुमारे दोनतृतीयांश असतो, पँगाँगला साधारण ६० टक्के. साहजिकच प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी होतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण त्याला काही दिवस द्यावे लागतात. सकाळी मुंबईत किंवा दिल्लीत असणारा माणूस विमानाने दुपारपूर्वी लेहला उतरतो, तेव्हा नेमके हे दिवसच त्याच्या गाठीशी नसतात.

डोकेदुखीला कमी लेखू नका

उंचीवर पोहोचल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांत डोके दुखू लागले आणि त्यासोबत मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गळून गेल्यासारखे वाटणे किंवा चक्कर असेल, तर तो पर्वतीय आजार समजावा. १९६२च्या युद्धकाळात आपले अनेक जवान सरावाविना उंच सीमेवर पाठवावे लागले. त्या काळातील अनुभवातून इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. या विषयावरील जगातल्या पायाभूत लेखनात त्याची गणना होते. त्यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे : तारुण्य आणि कमावलेले शरीर हे या आजारापासून कवच ठरत नाही.

बहुतेकांचा त्रास विश्रांतीने एकदोन दिवसांत निवळतो. काहींच्या बाबतीत मात्र तो दोन घातक वळणे घेऊ शकतो. पहिले, फुप्फुसात पाणी होणे : स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर दिसतात. दुसरे, मेंदूला सूज येणे : बोलण्यात गोंधळ होतो, तोल जातो. पायाला पाय लावून सरळ रेषेत चालता येते का, ही साधी चाचणी घरातील कोणीही घेऊ शकेल. यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू सुरू करावा आणि लगेच खाली उतरावे.

इथेच लडाखच्या भूगोलाची एक अडचण ध्यानात घ्यावी. पँगाँगहून लेहला परतताना नेहमीच्या वाटेवर पाच हजार मीटरहून उंच असलेली चांग-ला खिंड लागते. म्हणजे उतरण्यासाठी आधी चढावे लागते! म्हणूनच लेहमध्ये डोके दुखत असेल, तर पुढे निघूच नये.

वेळापत्रक हेच औषध

विमानाने जाणाऱ्यांनी लेहमध्ये किमान ४८ तास खरी विश्रांती घ्यावी. त्यानंतर प्रत्येक रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे आधी सिंधूकाठचे आल्ची किंवा नुब्रा खोऱ्यातील हुंदर इथे राहावे. दोन्ही ठिकाणे लेहपेक्षा खाली, सुमारे ३,१०० मीटरवर आहेत. पँगाँग शेवटी ठेवावे.

गाडीने जाणाऱ्यांना श्रीनगर-कारगिलचा रस्ता हळूहळू उंचीवर नेतो. मनालीकडून जाताना मात्र पहिलीच रात्र सरचूच्या तंबूत काढण्याचा मोह टाळावा. सुमारे २,००० मीटरवरून एका दिवसात ४,२०० मीटरच्या वर झोपायला जाणे शरीराला झेपत नाही. त्याऐवजी जिस्पाला थांबावे.

गेल्या वर्षी एका कुटुंबाने मला असेच वेळापत्रक दाखवले : पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी पँगाँगचा तंबू. सोबत सहासष्ट वर्षांच्या आजी आणि आठ वर्षांचा नातू. आजींचा रक्तदाब औषधाने आटोक्यात होता. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्यामुळे पोरांचा बेत मोडायला नको. थोडं दुखलं-खुपलं तर मी सोसेन हो." मी त्यांना म्हटले, "आजी, तेवढं एक मात्र करू नका." बेत दोन दिवसांनी वाढवला. प्रत्यक्षात लेहमध्ये उलट्या झाल्या त्या नातवाला, आजी ठणठणीत राहिल्या. मुलाच्या आईवडिलांनी पँगाँगचे आरक्षण सोडून दिले, पैसे बुडाले. नातू बरा झाल्यावर सगळे चार रात्री हुंदरला राहिले. आजी तिथल्या वाळूत नातवाबरोबर उंटावर बसल्या, याचे छायाचित्र मला आवर्जून दाखवायला आणले होते.

सोसण्याची ही सवय आपल्या घरांत खोलवर रुजलेली आहे. पैसे भरलेले असतात, इतरांचा हिरमोड नको असतो, म्हणून आई, आजी, कधी बाबाही गप्प राहतात. निघण्यापूर्वीच घरात ठरवावे : डोके दुखले की सांगायचे आणि सांगणाऱ्याला कोणी बोल लावायचा नाही. लहान मुलांना तर सांगताही येत नाही. किरकिर, न खाणे, न झोपणे हीच त्यांची तक्रार समजावी.

तंबूतली पथ्ये

बंद तंबूत किंवा कॅम्पर व्हॅनमध्ये शेगडी, गॅसचा हीटर, कोळसा पेटवून कधीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच दगावतो. उबेसाठी कपड्यांचे थर, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी पुरेशी आहे.

कोरड्या हवेत श्वासावाटे बरेच पाणी जाते. लघवी फिकट राहील इतके पाणी प्यावे, त्याहून अतिरेक नको. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. अतिनील किरणे दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणून टोपी, गडद चष्मा आणि सनस्क्रीन मुलांनाही हवेच. इन्सुलिन गोठले तर निकामी होते. ते दिवसा आतल्या खिशात आणि रात्री पांघरुणात ठेवावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर लेहमध्ये निरोगी माणसाचाही आकडा ९०च्या खाली जाऊ शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे.

आधी डॉक्टरांना विचारा

हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचे अन्य विकार, तीव्र पंडुरोग, गर्भारपण यांपैकी काही असल्यास बेत पक्का करण्याआधीच सल्ला घ्यावा. अॅसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध उपयुक्त आहे, पण ते प्रत्येकाला चालत नाही. सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास विशेष जपावे. शेजाऱ्यांनी घेतले म्हणून आपण घेऊ नये. आणि गोळी घेतली, तरी विश्रांतीचे दोन दिवस चुकत नाहीत. आरक्षण करतानाच ते दिवस वेळापत्रकात मांडून ठेवा, म्हणजे ऐनवेळी ते वाया गेले असे कोणाला वाटणार नाही.